विमान कंपन्यांची व्हीलचेअर सेवा: फुकट आहे, नियमात आहे, पण नीट मागावी लागते

भारतातून उडणाऱ्या विमान कंपन्यांनी दिव्यांग, आजारी किंवा फार चालू न शकणाऱ्या प्रवाशाला विमानतळाच्या दारापासून सीटपर्यंत न्यायचं आणि उतरल्यावर पुन्हा बाहेरपर्यंत सोडायचं, असा डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे. त्यासाठी एक रुपयाही घ्यायचा नाही. नागरी विमान वाहतूक नियमांमधला विभाग ३, मालिका एम, भाग १ हा त्याचा पत्ता. काउंटरवर वाद झाला तर एवढा उल्लेखही बऱ्याचदा पुरतो, म्हणून तो मोबाइलमध्ये लिहून ठेवावा.

सेवा म्हणून तिचं मूल्यमापन करायचं तर आमचं मत असं: निघताना बरी, विमान बदलताना बेभरवशाची, उतरताना सर्वांत कच्ची. यात कंपनी-कंपनीत फरक आहे, पण त्याहून मोठा फरक बुकिंगमध्ये नेमकं काय नोंदवलंय यामुळे पडतो. ‘व्हीलचेअर हवी’ एवढंच सांगणाऱ्याला अर्धीच सेवा मिळते आणि कमतरता उघडी पडते ती थेट विमानाच्या पायऱ्यांशी.

तीन अक्षरं, तीन वेगळ्या सेवा

विमान कंपन्यांच्या संगणकात व्हीलचेअरचे मुख्य तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी पायऱ्या चढतो, विमानातही चालतो, फक्त टर्मिनलमधलं लांब अंतर त्याला झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे चार पावलं टाकून सीटपर्यंत जाता येतं, पण पायऱ्या जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, थेट सीटपर्यंत न्यायला हवं. शेवटचं अक्षर आर, एस की सी, यावर पुढची सगळी व्यवस्था ठरते. आरसाठी एक खुर्ची आणि एक मदतनीस पुरतो. एससाठी एअरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दाराला जोडणारा बंद पूल), रॅम्प किंवा अँब्युलिफ्ट लागते; अँब्युलिफ्ट म्हणजे खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दाराच्या उंचीपर्यंत उचलणारी गाडी. सीसाठी त्याशिवाय विमानाच्या अरुंद वाटेतून जाणारी आयल चेअर आणि उचलून बसवायला दोन माणसं लागतात.

वेबसाइटवर किंवा ॲपवर नुसतं ‘व्हीलचेअर’ निवडलं की बऱ्याचदा आर नोंदला जातो, आणि चूक तिथेच होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या आजीबाई घरात काठी घेऊन फिरतात, म्हणून मुलगा आर निवडतो. विमान एअरोब्रिजला लागलं तर काहीच बिघडत नाही. पण ते लांब उभं राहिलं आणि बसने जायची वेळ आली, तर जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची थांबते आणि ‘पायऱ्या चढता येतात ना?’ हा प्रश्न तिथे विचारला जातो. अँब्युलिफ्ट त्या क्षणी मागवली तर ती दुसऱ्या विमानाला लागलेली असू शकते. विमान एअरोब्रिजला लागणार की लांब, हे आदल्या दिवशी कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून पायऱ्यांबद्दल जराही शंका असेल तर एसच नोंदवून घ्यावा.

छोट्या विमानतळांवर हे आणखी महत्त्वाचं. सिंधुदुर्ग किंवा जळगावला फ्लाय९१ची एटीआर ७२ विमानं जातात. या विमानाचा प्रवाशांचा दरवाजा मागच्या बाजूला असतो आणि त्याला स्वतःच्याच थोड्याशा पायऱ्या असतात. पायऱ्या कमी आहेत म्हणून ‘दोघं धरून चढवू’ असं सुचवलं जातं. धरून चढवणं आणि सुरक्षित चढवणं यात फरक आहे. ज्यांच्या पायात ताकदच नाही त्यांना काखेतून उचललं तर खांद्याला इजा होते. रॅम्प आहे का, कॅरी चेअर (माणसाला बसवून उचलून न्यायची खुर्ची) आहे का, हे बुकिंगच्या वेळीच त्या विमानतळाचं नाव घेऊन विचारावं.

व्हीलचेअरखेरीज आणखीही कोड आहेत आणि ते फारच कमी वापरले जातात. अंध प्रवाशासाठी बीएलएनडी, कर्णबधिरासाठी डीईएएफ, बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या आणि मदत लागणाऱ्या प्रवाशासाठी डीपीएनए. अंध प्रवाशाला खुर्चीची गरज नसते, हात धरू देणारा माणूस हवा असतो. तरी त्याला खुर्चीत बसण्याचा आग्रह होतो, कारण मदतनिसाला ते सोपं जातं. ठामपणे नाही म्हणावं. विमानात आपली सीट बाहेर पडण्याच्या दारापासून किती ओळींवर आहे, हे केबिन क्रूकडून मोजून घ्यावं. कर्णबधिर प्रवाशाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गेट बदलल्याची घोषणा. गेटवरच्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून ‘बदल झाला तर इथे येऊन सांगा’ असं लिहिलेला कागद द्यावा आणि त्याच्या नजरेसमोरच बसावं.

आणि एमएएएस. म्हणजे प्रवाशाला भेटून, सोबत राहून पुढपर्यंत पोचवणं; खुर्ची नाही. अमेरिकेत मुलांकडे पहिल्यांदाच निघालेले आपल्याकडचे कित्येक आईवडील धडधाकट असतात. त्यांना भीती असते ती इंग्रजीची आणि अवाढव्य विमानतळाची. एजंट त्यांच्यासाठी सर्रास व्हीलचेअर टाकतो. याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं आहे, गरज खरीच असते. पण मध्यरात्री मुंबईहून एकामागून एक परदेशी विमानं सुटत असतात, तेव्हा खुर्च्या आणि माणसं मोजकीच असतात, आणि अशी प्रत्येक खुर्ची ज्याला पाऊलही टाकता येत नाही त्याच्यापासून लांब जाते. त्यांच्यासाठी एमएएएस मागावा. कंपनी तो देत नसेल तर विमानतळाची सशुल्क सोबत-सेवा घ्यावी; मुंबईत ती ‘प्रणाम’ या नावाने मिळते.

नोंदणी पक्की झाली हे कसं ओळखायचं

नियमाने ४८ तास आधी कळवणं अपेक्षित आहे. उशीर झाला म्हणून मदत नाकारली जाईल असं नाही, पण मग जे उपलब्ध असेल त्यावर भागवावं लागतं. तिकीट काढतानाच विनंती टाकावी आणि ४८ तास आधी फोन करून पुन्हा तपासावी. फोनवर विचारायचं ते असं: ‘या पीएनआरवर कोणता एसएसआर कोड आहे आणि त्याचं स्टेटस काय?’ एसएसआर म्हणजे बुकिंगमधली विशेष मदतीची नोंद. उत्तर ‘एचके’ आलं तर नोंद पक्की. ‘एनएन’ म्हणजे विनंती गेली आहे, उत्तर यायचं आहे. ‘यूएन’ म्हणजे देता येत नाही. ‘हो हो, टाकलंय’ हे उत्तर समजू नये. तिकीट एजंटने काढलं असेल तर त्याच्या पडद्यावर हे स्टेटस दिसतं. त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागून घ्यावा.

नोंद गायब होण्याची तीन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, कंपनीने उड्डाणाची वेळ किंवा तारीख बदलली आणि नव्या विमानावर जुना एसएसआर आलाच नाही. वेळ बदलल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी फोन करावा. दुसरं, कोडशेअर. तिकिटावर एका कंपनीचं नाव असतं, विमान दुसरीचं. विनंती पहिलीकडे नोंदली जाते आणि दुसरीपर्यंत पोचत नाही. प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीचा वेगळा पीएनआर मागून घ्यावा आणि थेट तिला फोन करावा. तिसरं, दोन वेगवेगळी तिकिटं. कोल्हापूर ते मुंबई एक आणि मुंबई ते दुबई दुसरं असेल, तर पहिल्या कंपनीचा मदतनीस तुम्हाला मुंबईत बाहेरच्या दाराशी सोडणार. दुसऱ्या कंपनीला तुमचा पत्ताच नाही. शिवाय मुंबईत टी१ आणि टी२ शेजारी नाहीत, आणि डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा वेगळा विमानतळही चालू झाला आहे. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे पाहूनच टॅक्सी ठरवावी.

सीट निवडताना बहुतेक लोक पहिली ओळ मागतात, पाय पसरायला जागा मिळते म्हणून. चालता येणाऱ्यासाठी ती ठीक. आयल चेअरवरून सरकून बसणाऱ्यासाठी ती बहुधा सर्वांत वाईट, कारण पहिल्या ओळीत जेवणाचा ट्रे सीटच्या हातामध्येच (आर्मरेस्टमध्ये) बसवलेला असतो आणि तो हात वर होत नाही. मागच्या ओळींमधल्या बऱ्याच सीटचा वाटेकडचा हातही अडकलेला वाटतो, पण बिजागरीजवळ खालच्या अंगाला एक छोटी कळ किंवा खाच असते; ती दाबली की तो वर उचलता येतो. अशी सीट कोणती, हे फोनवर विचारावं. ऐनवेळी कळ माहीत नसलेला कर्मचारी प्रवाशाला हातावरून उचलून टाकू पाहतो. आपत्कालीन दाराच्या ओळीतली सीट मात्र मिळणार नाही. तो सुरक्षेचा नियम आहे, त्यावर वाद घालू नये.

डॉक्टरचा कागद कधी लागतो आणि कधी नाही

काउंटरवर सर्वाधिक भांडणं यावरूनच होतात. दिव्यांगत्व हा आजार नाही. पोलिओमुळे कुबड्या वापरणारा, मणक्याच्या इजेमुळे व्हीलचेअरवर असणारा, सेरेब्रल पाल्सी असलेला प्रवासी स्थिर प्रकृतीचा असेल तर त्याच्याकडे फिटनेस सर्टिफिकेट मागणं चूक आहे.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. फेब्रुवारी २०१२मध्ये जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या गोव्यातल्या परिषदेसाठी कोलकात्याहून निघाल्या होत्या. स्पाइसजेटच्या विमानात बसल्यावर त्यांना उतरवण्यात आलं. मे २०१६मध्ये न्यायालयाने कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे मे २०२२मध्ये रांचीला इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही. डीजीसीएने ५ लाखांचा दंड केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नियमात दुरुस्ती आली: प्रवाशाची प्रकृती विमानात बिघडेल असं कंपनीला वाटत असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरने त्याला प्रत्यक्ष तपासून मत द्यायला हवं. गेटवरच्या कर्मचाऱ्याच्या नजरेवर निर्णय होता कामा नये. असा प्रसंग आला तर आवाज न चढवता दोनच गोष्टी मागाव्यात: डॉक्टरला बोलवा, आणि नकार देणार असाल तर कारणासकट लेखी द्या.

खरोखर आजार असेल तिथे मात्र मेडिफ नावाचा फॉर्म लागतो. ऑक्सिजन, स्ट्रेचर, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया, ताजा हृदयविकाराचा झटका, संसर्गजन्य आजार ही त्याची मुख्य कारणं. एक भाग प्रवासी भरतो, दुसरा उपचार करणारा डॉक्टर, आणि मग कंपनीचा वैद्यकीय विभाग तो मंजूर करतो. कंपन्या ४८ ते ७२ तास आधी मागतात. प्रत्यक्षात आठवडाभर आधी पाठवावा, कारण तो अपुरा भरला म्हणून परत येतो. परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डॉक्टर फक्त निदान लिहितात आणि बाकीचे रकाने सोडून देतात. रुग्ण साधारण १०० मीटर नेहमीच्या वेगाने चालू शकतो का किंवा १०-१२ पायऱ्या दम न लागता चढू शकतो का, ऑक्सिजन लागतो तर मिनिटाला किती लिटर, लघवी-शौचावर ताबा आहे का, सोबत कोण आहे, हे सगळं भरलेलं हवं. डॉक्टरचं पत्र लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, ताज्या तारखेचं, इंग्रजीत आणि त्यात उड्डाणाची तारीख घालून घ्यावं. एकच दीर्घ पण स्थिर आजार घेऊन वारंवार उडणाऱ्यांनी फ्रीमेक कार्ड मिळतं का ते विचारावं. ते मिळालं की दर वेळी मेडिफ भरावा लागत नाही.

प्लास्टरबद्दल फारसं कुणी सांगत नाही. हाड मोडून प्लास्टर घातल्यावर पहिले ४८ तास उडू नये, किंवा प्लास्टर दोन्ही बाजूंनी लांबीत चिरून घ्यावं. आतली सूज आणि अडकलेली हवा उंचीवर वाढते आणि रक्तपुरवठा दाबला जातो. तोच नियम हवेच्या गादीला आणि हवेच्या उशीला. बेडसोअर होऊ नये म्हणून वापरायच्या हवेच्या कुशनमधली थोडी हवा चढण्यापूर्वी काढावी, उतरल्यावर पुन्हा भरावी. ट्रेकिऑस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या) नळीचा कफ, म्हणजे तिच्याभोवतीचा फुगा, हवेऐवजी पाण्याने भरायचा का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं.

ऑक्सिजनचं गणित नीट समजून घ्यायला हवं. केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८,००० फुटांवरच्या हवेइतका उतरतो, म्हणजे सुमारे २,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मुंबईत बसल्या जागी ज्याचा ऑक्सिजन ९२ टक्के किंवा त्याखाली आहे, त्याला कळसूबाईच्याही बरंच वर नेऊन दहा तास बसवण्यासारखं आहे. अशा रुग्णाला बहुधा विमानात ऑक्सिजन लागतो. घरचा सिलिंडर न्यायला परवानगी मिळत नाही. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं छोटं यंत्र, चालतो, पण त्याचं मॉडेल आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि बॅटऱ्या उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या न्याव्या लागतात. मुंबई-लंडन दहा तासांचं धरलं तर पंधरा तासांच्या बॅटऱ्या. त्यात टर्मिनलमधले तीन-चार तास धरलेले नाहीत. कंपनीच्या माहितीपत्रकातले तास सर्वांत कमी सेटिंगवरचे असतात. रुग्ण ज्या सेटिंगवर आहे त्यावर बॅटरी किती चालते, हे घरी घड्याळ लावून बघावं. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याला पल्स पद्धतीचं यंत्र (नाकाने श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता ऑक्सिजन सोडणारं) नीट पुरवठा करत नाही. हेही घरी रात्री वापरून तपासावं, विमानात नव्हे.

स्ट्रेचर बहुतेक कमी भाड्याच्या कंपन्या घेतच नाहीत. ज्या घेतात त्या इकॉनॉमीतल्या अनेक सीट काढून जागा करतात आणि त्या सगळ्यांचं भाडं लावतात. सोबत परिचारक सक्तीचा असतो.

स्वतःची खुर्ची, आणि तिची बॅटरी

स्वतःची व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या सामानाच्या वजनात धरत नाहीत. काउंटरवर खुर्ची देऊन टाकायला सांगतील. ती विमानाच्या दारापर्यंत नेण्याचा आग्रह धरावा. कंपनीची खुर्ची सर्वांसाठी एकाच मापाची असते आणि पाठीला आधार नसणाऱ्याला त्यात तासभर बसवलं तर त्रास होतो. खुर्चीला ‘विमानाच्या दाराशी परत’ असा टॅग लावून घ्यावा, नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर येते.

इलेक्ट्रिक खुर्चीचं काम बॅटरीवर अडतं. लिथियम बॅटरी खुर्चीतून काढायची रचना असेल तर ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॅट-अवर आहे. जादाची एक ३००पर्यंतची किंवा दोन १६०पर्यंतच्या. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, चालते. २४ व्होल्ट आणि २० म्हणजे ४८०, चालत नाही. खुर्ची घेतानाच हा गुणाकार करावा, कारण दुकानदार ‘जास्त रेंज’ म्हणून मोठी बॅटरी विकतो. बॅटरी खुर्चीतच घट्ट बसवलेली आणि न काढण्याची असेल तर ही मर्यादा लागत नाही, पण खुर्ची चुकून चालू होणार नाही अशी बंद करावी लागते. बॅटरीवरचं लेबल पुसट झालेलं असेल तर खुर्ची काउंटरवरच अडते. लेबलचा फोटो, कंपनीचं माहितीपत्रक आणि यूएन ३८.३ या लिथियम बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा कागद जवळ ठेवावा. बुकिंगमध्ये कोड लिथियमसाठी डब्ल्यूसीएलबी, कोरड्या बॅटरीसाठी डब्ल्यूसीबीडी असा हवा, आणि खुर्चीची लांबी, रुंदी, उंची, वजन सेंटिमीटर-किलोत द्यावं. एटीआरच्या सामानाच्या दारातून मोठी खुर्ची उभी जात नाही. आडवी करून ढकलली की जॉयस्टिक तुटते.

जॉयस्टिक, कुशन, बाजूच्या पट्ट्या, पायाचे आधार, जे जे हाताने निघतं ते काढून केबिनमध्ये घ्यावं. खुर्ची मोकळी ढकलण्यासाठी ब्रेक सोडायची कळ कुठे आहे, हे लोडरला माहीत नसतं. मग तो बंद मोटरची खुर्ची जोर लावून ओढतो आणि गिअर जातो. कळेवर ठळक रंगाची चिकटपट्टी लावावी आणि हँडलला चित्रासह सूचनांचा लॅमिनेट केलेला कागद बांधावा: कुठे धरून उचलायचं, कुठे धरायचं नाही. देण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढावेत.

मोडतोड झाली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच सामानाच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे नुकसानीची नोंद, करून घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते. देशांतर्गत सामानाची भरपाई २०,००० रुपयांपर्यंतच मर्यादित आहे, आणि चांगली इलेक्ट्रिक खुर्ची लाखाच्या पुढे असते. ही तफावत अन्यायाची आहे. हे सामान नाही, प्रवाशाचे पाय आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात खुर्ची सोपवताना जादा किमतीची घोषणा करण्याची तरतूद आहे, ती वापरावी. देशांतर्गतसाठी स्वतंत्र विमा काढावा.

त्या दिवशी

देशांतर्गत उड्डाणासाठी अडीच-तीन तास, आंतरराष्ट्रीयसाठी चार तास आधी पोचावं. वेब चेक-इन झालं असलं तरी काउंटरवर जाऊन हजेरी लावावी, नाहीतर मदतनीस नेमला जात नाही.

सुरक्षा तपासणीत खुर्चीवरच बसून हाताने तपासणी होऊ शकते. कृत्रिम पाय असेल तर तो काढायला लावण्याची सवय पूर्वी फार होती. २०२१मध्ये अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी त्याबद्दल जाहीरपणे बोलल्यावर सीआयएसएफने माफी मागितली होती. स्फोटकांचा माग घेणाऱ्या यंत्राची पट्टी फिरवून तपासा, अशी विनंती करावी. काढणं अटळ असेल तर पडद्याआड, बसायला जागा देऊन. पेसमेकरचं कार्ड बाहेर हातात ठेवावं. इन्सुलिन पंप आणि साखर मोजणारा सेन्सर एक्स-रे यंत्रात टाकू नये, हाताने तपासायला सांगावं. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत ठेवू नये, गोठून निकामी होऊ शकतं. सुया आणि १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या औषधी बाटल्यांसाठी डॉक्टरची चिठ्ठी जवळ हवी, आणि तिच्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळायला हवं.

सी कोडच्या (डब्ल्यूसीएचसी) प्रवाशाला सर्वांत आधी विमानात नेतात आणि सर्वांत शेवटी उतरवतात. उचलण्याआधी प्रवाशाने किंवा सोबतच्या माणसाने कर्मचाऱ्यांना थांबवून सांगावं: एकाने मागून छातीभोवती हात घालून स्वतःची मनगटं पकडायची, दुसऱ्याने गुडघ्यांखाली धरायचं, कोणती बाजू कमजोर, आणि ‘एक-दोन-तीन’ कोण म्हणणार. न सांगता उचलू देऊ नये.

ए३२०, ७३७सारख्या एका वाटेच्या विमानांत व्हीलचेअरने वापरता येईल असं शौचालय जवळजवळ नसतंच. केबिन क्रू दारापर्यंत नेईल, आत मदत करणार नाही, उचलणार नाही, भरवणार नाही, इंजेक्शन देणार नाही. यात त्यांचा दोष नाही, नियमच तसा आहे. म्हणून कॅथेटरची पिशवी किंवा डायपर हा विचार घरीच व्हावा. पाणी पिणं बंद करू नये. लांबच्या उड्डाणात ते धोक्याचं आहे.

विमान बदलायचं असेल तर मधे किमान तीन तास ठेवावेत. युरोपीय संघात ११०७/२००६ या नियमानुसार मदतीची जबाबदारी विमान कंपनीची नसून विमानतळाची असते. त्यामुळे फ्रँकफर्टला कंपनीच्या काउंटरवर आरडाओरडा करून उपयोग नाही, मदतकक्षात जायला हवं. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांना तिथला कायदा लागू होतो, मग कंपनी भारतीय असली तरी. तिथे ‘मला सीआरओशी बोलायचंय’ असं म्हटलं की दिव्यांगांच्या तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी उपलब्ध करून द्यावा लागतो. स्वतः हलवता न येणाऱ्या खुर्चीत प्रवाशाला तीस मिनिटांहून जास्त एकटं सोडायचं नाही, असंही तोच कायदा सांगतो. सीआरओ हा शब्द आईवडिलांना पाठ करून द्यावा. इंग्रजी वाक्य येत नसलं तरी तीन अक्षरं पुरतात.

मदतनीस टर्मिनलमधून नेताना पैसे मागतात, कधी थेट डॉलरमध्ये. देणं बंधनकारक नाही. हे कामगार कंत्राटी असतात आणि त्यांचं काम कष्टाचं आहे. मनापासून काही द्यावंसं वाटलं तर ती वेगळी गोष्ट. पण ‘आधी द्या, मग बाहेर सोडतो’ हे ऐकून घेऊ नये. ड्यूटी मॅनेजरला बोलावण्याचा नुसता उल्लेख करावा.

आणि उतरणं. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन खुर्च्या नोंदवल्या होत्या, मिळाली एक. पत्नी खुर्चीत आणि ८० वर्षांचे पती सोबत चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड केला. खुर्ची आल्याशिवाय सीट सोडायची नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना निक्षून सांगावं. ‘जवळच आहे, चला’ म्हटलं तरी नाही. प्रवासी विमानात आहे तोवर क्रूला हलता येत नाही, म्हणून खुर्चीची सोय लवकर होते. एकदा एअरोब्रिजमध्ये बाहेर पडलात की तुमची जबाबदारी नेमकी कुणाची, हे धूसर होतं. उतरण्यापूर्वी तासभर आधी क्रूला सांगावं की किती खुर्च्या आणि कोणत्या प्रकारच्या हव्या आहेत, ते वैमानिकामार्फत खाली कळवा. दोघं असतील तर दोघांच्याही नावावर वेगवेगळी नोंद आहे का, हे बुकिंगमध्येच पाहिलेलं असावं.

तक्रार करायची तर त्याच दिवशी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल करावा आणि एअरसेवा पोर्टलवर नोंद टाकावी: उड्डाण क्रमांक, पीएनआर, एसएसआर कोड, कुठे किती मिनिटं थांबावं लागलं, कर्मचाऱ्याचं नाव बिल्ल्यावरून. ‘फार वाईट सेवा’ असं लिहिलेल्या तक्रारीला छापील माफी येते; ‘डब्ल्यूसीएचएस एचके असताना अँब्युलिफ्ट दिली नाही, २२ पायऱ्या चढायला लावल्या’ असं लिहिलेल्या तक्रारीला कंपनीला उत्तर शोधावं लागतं. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि दिव्यांगत्वाच्या आधारे नकार दिला गेला असेल तर दिल्लीतले मुख्य आयुक्त, दिव्यांगजन. परतीच्या उड्डाणासाठी मात्र कोड, स्टेटस आणि ४८ तास आधीचा फोन हे सगळं स्वतंत्रपणे पुन्हा करावं लागतं. जातानाची नोंद येतानाही धरली आहे, असं गृहीत धरू नये.